जुनी गाडी गावात ठणठणीत, लांबच्या प्रवासात कुरकुर: दोष नेमका कुठे शोधायचा?

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. गाडी बारा-पंधरा वर्षांची, ऑफिस-बाजाराला काही त्रास नाही, सर्व्हिसिंग वेळेवर. पण पुण्याहून निघून कोल्हापूर मागे पडलं की स्टिअरिंग थरथरायला लागतं, एसीची हवा कोमट होते, घाटात तापमानाचा काटा मधली रेघ सोडतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर गाडीतला प्रत्येक जण कमरेवर हात ठेवून उतरतो. परत आल्यावर गाडी गॅरेजला जाते. ऑइल, फिल्टर, प्लग बदलून "एकदम ओके आहे" म्हणून घरी येते. पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच.

कारण साधं आहे. सर्व्हिसिंगची यादी किलोमीटरवर चालते आणि कमी चाललेली जुनी गाडी वर्षांच्या हिशेबानं म्हातारी होते. ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर इंजिनाचं लोखंड पंधरा वर्षांत फारसं झिजत नाही. थकतं ते रबर: टायर, होज पाइप, इंजिन ज्यावर बसतं ती माउंटिंग, चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), रेडिएटरच्या झाकणाची रिंग, दारांच्या कडेचं बीडिंग, वायपर. फोमही त्याच भावकीतला, म्हणजे सीट आली. यातलं काहीच पूर्ण बिघडलेलं नसतं, त्यामुळे सर्व्हिसच्या बिलावर येत नाही. गावात चाळीसच्या वेगात वीस मिनिटं चालवताना कळतही नाही. नव्वदच्या वेगात सलग चार तास बसलं की सगळं एकदम अंगावर येतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: टचस्क्रीन, फुगवायची उशी, छतावरचा कॅरिअर हे सगळं नंतर. पहिला पैसा रबरावर. माझी गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि नेहमीचा रस्ता पुणे-संकेश्वर-आजरा-आंबोली-सावंतवाडी. खालचं लिखाण त्या अनुभवावर बेतलेलं आहे. डिझेल गाडी असेल तर टर्बोच्या नळ्या वगैरे आणखी भर पडेल.

थरथर कुठे जाणवते ते आधी ठरवा

"गाडी व्हायब्रेट होते" एवढंच सांगून किल्ली दिली की अलायमेंट-बॅलन्सिंग होऊन गाडी परत येते. कधी तेवढ्यावर भागतं, कधी नाही. आपण नीट निरीक्षण करून गेलो तर काम नेमकं होतं.

ऐंशी-शंभरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम. हातात काही नाही पण सीट आणि फरशी थरथरते, तर मागची चाकं बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर चाकं सोडून द्या, ब्रेकची डिस्क वेडीवाकडी झिजलेली असते. सिग्नलला उभं असताना, विशेषतः एसी लावल्यावर, डॅशबोर्ड खडखडतो आणि गिअर टाकून निघालं की शांत होतो, हे बसलेल्या इंजिन माउंटिंगचं लक्षण. आणि ॲक्सिलेटर दिल्यावरच थरथर, सोडल्यावर गायब, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटकडे बोट दाखवा. पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना टक-टक-टक येत असेल तर त्याच शाफ्टचा बाहेरचा जॉइंट.

घुंघुं आवाजाची गंमत वेगळी. वेगाबरोबर वाढणारा एकसुरी आवाज टायरचाही असू शकतो आणि व्हील बेअरिंगचाही. मोकळ्या रस्त्यावर लांबलचक वळण घेताना कान द्या. उजव्या वळणावर वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय घ्या. वळणानं काहीच फरक पडत नसेल तर गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा. उंच-सखल लाटा हाताला लागल्या तर तो टायर आवाज करणारच, आणि तो तसा झिजण्यामागे बहुतेक वेळा मेलेला शॉकॲब्सॉर्बर असतो. नुसता टायर बदलला तर नवाही तसाच होतो. हीच ती पुन्हा पुन्हा येणारी तक्रार.

आता टायरचं वय. बाजूच्या भिंतीवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनंतर लांब नंबर असतो, त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण नंबर पुष्कळ टायरांवर एकाच बाजूला असतो आणि नेमकी तीच बाजू आत बसवलेली असते. मग चटई टाकून गाडीखाली डोकं घालायचं, मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि चिखल पुसत शोधायचा. तो शोधल्याशिवाय उठू नका. नक्षीची खोली कायद्यानं किमान १.६ मिमी लागते, पण कमी चाललेल्या गाडीच्या टायरला भरपूर नक्षी असूनही तो मेलेला असतो. खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा, नख दाबल्यावर दगडासारखा कडकपणा, आणि पहिल्या पावसात ब्रेक दाबल्यावर घसरणं. माझ्यापुरती मी सहा वर्षांची मर्यादा धरतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला तेवढी पुरे.

हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची. आकडा पंपावरच्या मुलाला विचारायचा नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर दोन माणसांचा आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा असे दोन आकडे दिलेले असतात. पाच माणसं आणि डिकी भरून निघालात तर दुसरा आकडा. नायट्रोजननं काही जादू होत नाही, पैसे वाचवा.

घाटात तापणारी गाडी

इथे जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त प्रवास यानंच बिघडतात, आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपायही इथेच होतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कोकणात जाताना गाडी तापत नाही, परत येताना तापते. जाताना आंबोलीचा घाट उतरायचा असतो. परतताना दाणोलीपासून तोच घाट चढायचा, तोही मे महिन्यात, एसी लावून, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि नारळ. पुढे ट्रक, वेग वीस-पंचवीस. म्हणजे इंजिनावर भार जास्तीत जास्त आणि रेडिएटरवर समोरून येणारा वारा जवळजवळ शून्य. अशा वेळी गाडी पूर्णपणे रेडिएटरच्या पंख्यावर आणि कुलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) दाबावर अवलंबून असते. सपाट हायवेवर लपून राहिलेला दोष इथे उघडा पडतो.

सुरुवात सगळ्यात स्वस्त भागापासून करा: रेडिएटरचं झाकण. त्यात स्प्रिंग आणि रबरी रिंग असते आणि ते कुलंटवर दाब धरून ठेवतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा बारचा आकडा छापलेला असतो. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, पण एक बार जादा दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रिंग कडक होऊन दाब धरेनाशी झाली की हा सगळा फायदा जातो आणि घाटात पाणी उकळून शेजारच्या जादा कुलंटच्या बाटलीत, बाटलीतून रस्त्यावर. ओळखायचं कसं? गाडी रात्रभर गार होऊ द्या. सकाळी बाटलीतली पातळी कालच्यापेक्षा वर राहिली आहे आणि रेडिएटर मात्र अर्धवट रिकामा, म्हणजे बाहेर गेलेलं कुलंट परत आत ओढलं जात नाही. किंवा वरचा जाड होज पाइप सकाळी चपटा होऊन बसलेला दिसला, तर झाकणातला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. दोन्हीला उपाय नवं झाकण, त्याच आकड्याचं. जास्त दाबाचं लावलं की जास्त चांगलं असा हिशेब करू नका. जुना रेडिएटर आणि जुने होज तो दाब सोसणार नाहीत. आणि गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

झाकण बदललं, आता होज. इंजिन गार असताना क्लॅम्पच्या जवळ चिमटीत दाबून बघा. चांगला होज दाबला जातो आणि परत फुगतो. करकरला, भेग दिसली किंवा उलट पिलपिलीत मऊ लागला तर बदला, आणि बदलताना वरचा-खालचा दोन्ही बदला. हीटरकडे जाणारे दोन बारीक पाइप सगळे विसरतात. ते फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) खाली दडलेले असतात आणि फुटतात ते नेमके रविवारी दुपारी.

पंख्याची परीक्षा घरीच होते. एसी बंद ठेवून गाडी चालू सोडा. पंधरा-वीस मिनिटांत पंखा आपोआप सुरू व्हायला हवा, थोड्या वेळानं बंद, पुन्हा सुरू. एसी लावल्यावर फिरतो पण इंजिन तापूनही आपण होऊन फिरत नाही, तर मोटर चांगली आहे. सेन्सर, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) किंवा वायरिंग बघा. फिरतो पण आळसावल्यासारखा, तर मोटरचे कार्बन झिजलेत.

मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे जुन्या गाडीची तापण्याची तक्रार नेली की तो काढूनच टाकायची पद्धत आहे. "आपल्या हवेत लागत नाही," असं ठासून सांगितलं जातं. ते पटवून घेऊ नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हायवेवर गरजेपेक्षा गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि मूळ दोष झाकलेला राहून घाटात पुन्हा वर येतो. गाडी सेकंड हँड घेतली असेल तर आत थर्मोस्टॅट आहे का एवढं तरी उघडून बघायला लावा. सकाळी सुरू केल्यावर काटा वर यायला फार वेळ लागत असेल आणि उतारावर परत खाली पडत असेल, तर तो बहुधा नाहीच.

रेडिएटरच्या पाकळ्यांत समोरून किडे आणि चिखल अडकतो. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, त्याच्या पुढे असल्यामुळे कचरा दोघांच्या मधल्या फटीत साचतो आणि बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला साध्या नळीनं पाणी मारा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गननं पाकळ्या वाकतात. आणि आत बोअरचं पाणी कधीच नाही. क्षाराचा थर बसतो. तयार मिसळलेलं कुलंट घ्या, किंवा घट्ट कुलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळा.

हे सगळं करूनही तापते? गार इंजिन सुरू केल्या केल्या वरचा होज टणक होतो, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात, ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या रंगाची साय दिसते. यातलं काही असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलेलं. मग प्रवास रद्द करा, दुसरी गाडी भाड्यानं घ्या.

चढावर असताना काटा हलला तर: एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. उकडेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, इंजिनातली बरीच उष्णता खेचून घेतो. तिसऱ्यात रडवत नेण्यापेक्षा दुसऱ्या गिअरमध्ये मोकळी चालवा; पाण्याचा पंप इंजिनाच्या वेगानं फिरतो. काटा तरीही लालजवळ गेला तर बाजूला घ्या आणि थांबा.

एसी कोमट झाला म्हणजे गॅस संपला असं नाही

घाटात एसी कोमट होतो आणि सपाटीला पुन्हा गार, तर गॅस भरून घ्यायला धावू नका. इंजिनाचं तापमान वाढलं की पुष्कळ गाड्यांत कंप्रेसर आपोआप बंद केला जातो. म्हणजे ती एसीची तक्रार नसून वरच्या प्रकरणाची पहिली सूचना आहे, आणि काटा हलायच्या आधी मिळते. तिची कदर करा.

दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे. ती शोधून द्यायला सांगा, नुसता गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टरची जागा उघडून बघा. त्या काळातल्या स्वस्त मॉडेलांत ती जागा असायची, फिल्टर नसायचा. मग सगळी धूळ थेट कुलिंग कॉइलवर. कॉइल साफ करून फिल्टर बसवला की माझ्या गाडीत हवेचा जोर लगेच वाढला.

कंबर, गुडघा आणि मान

लोक इथे लाकडी मण्यांचं कव्हर आणि जेलची गादी विकत घेतात. त्याआधी सीटच्या मध्यभागी मूठ रोवा. खालची जाळी किंवा स्प्रिंग लागली तर फोम मेलाय. वर काहीही टाकलं तरी तुम्ही त्या खड्ड्यातच बसणार. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि बहुतेक तालुक्याच्या गावी सीटकामवाला असतो. तो कव्हर उसवून फक्त ड्रायव्हरच्या सीटचा फोम बदलून देतो. मांडीखालचा भाग थोडा उचलून घ्या, फार मऊ घेऊ नका. मऊ सीट अर्धा तास छान वाटते आणि तिसऱ्या तासाला मारते. रेक्झिन कव्हर असेल तर वर सुती टॉवेल, कारण घामानं पाठ चिकटली की माणूस नकळत वाकडा बसतो.

बसण्याची रीत: क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे. कमरेच्या पोकळीत, पट्ट्याच्या उंचीवर, पंचाची छोटी गुंडाळी ठेवा. विकतच्या मोठ्या उशा पाठीला पुढे ढकलतात.

डावा गुडघाच दुखत असेल तर सीटला दोष देऊ नका. केबलवर चालणाऱ्या क्लचची केबल जुनी झाली की पॅडल जड होत जातं, इतकं हळूहळू की मालकाला कळत नाही. दुसऱ्या कुणाची त्याच मॉडेलची गाडी चालवून बघा, फरक लगेच पायाला लागतो. केबल काही शे रुपयांची. केबल बदलूनही जड राहिलं तर क्लचच्या आतली प्रेशर प्लेट, आणि ते मात्र खर्चाचं काम.

डोकं जड होण्याचं कारण बऱ्याचदा वाऱ्याचा आवाज असतो. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद सरकून आली तर त्या ठिकाणचं बीडिंग बसलंय. दाराच्या चारी बाजूंनी असं करत जा. बीडिंग बदलण्याआधी दाराचं लॉक जरा आत घेऊन बघा, कधी तेवढंच पुरतं.

अंधार आणि उतार

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा पॉलिश करून घ्या आणि रिले लावून वायरिंग करून घ्या. जुन्या वायरीत व्होल्टेज पडून बल्ब मिणमिणतो. मूळचा ६०/५५ वॉटचा बल्ब मग चांगला पेटतो. १००/९० वॉटचे बल्ब होल्डर वितळवतात, वर बेकायदा. डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो, तेव्हा डॅशबोर्डवरचं लेव्हलचं चाक फिरवायला विसरू नका.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. 'डॉट ३' प्रकारचं ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० च्या आसपास. लांब उतारावर तेवढं तापमान सहज येतं आणि पॅडल स्पंजासारखं होतं. दर दोन वर्षांनी बदलायचं. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे तर सगळ्यांना माहीत असतं, पाळतं कोण तो प्रश्न.

आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आपली गाडी त्याच्या आधीची आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्या, त्यांचे सांधे आणि टाकीजवळचं गॅस्केट दर सर्व्हिसला तपासायला सांगा. पेट्रोलचा वास आला तर तिथल्या तिथे थांबायचं.

कामं झाल्यावर सरळ प्रवासाला निघू नका, आधी एक चाचणी फेरी. पुणेकरांना खंबाटकी सोयीचा: साताऱ्याकडे जाताना जुन्या रस्त्यानं घाट चढायला मिळतो, येताना बोगदा. ठाणे-कल्याणकरांना कसारा. एसी लावून, चार माणसं बसवून चढवा, घरी येऊन सकाळी कुलंटची पातळी, टायरची हवा आणि गाडीखालची फरशी बघा. सुटे भाग बदलल्यावर सैल राहिलेला क्लॅम्प अशा फेरीत सापडतो. गाडीला पंधरा वर्षं झाली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीखही याच वेळी बघून घ्या. ते पाच वर्षांपुरतंच होतं.

आणि स्टेपनी. चारही टायर नवे घातले तरी डिकीतला पाचवा पुष्कळदा गाडीबरोबर आलेला असतो. कधी वापरला नाही म्हणून नक्षी कोरी करकरीत, पण गाडीतलं सगळ्यात जुनं रबर तेच. त्याचे शेवटचे चार आकडे वाचा, हवा भरा, आणि जॅक-पाना आंब्याच्या पेट्यांच्या खाली न जाता हाताशी राहील असा ठेवा.